विरघळणें, तरंगणें आणि त्यांच्यामधलें जग

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एका पानांत आटोपलेला असतो. द्रावण, कलिल आणि निलंबन अशीं तीन नांवें, त्यांच्याखालीं तीन रकाने आणि प्रत्येक रकान्यांत पांच-सहा ओळी. परीक्षेच्या आदल्या रात्रीं तें पान पाठ करावें आणि परीक्षा संपतांच विसरून जावें, असा आपणां बहुतेकांचा रिवाज. माझाहि तोच होता. परंतु गेल्या वर्षापासून आमच्या काकांना आठवड्यांतून तीन वेळां रुग्णालयांत नेण्याचें काम माझ्याकडे आलें आहे. त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं आहेत, आणि एका यंत्रांतून त्यांचें रक्त चार-चार तास फिरवून शुद्ध करून घ्यावें लागतें. या उपचाराला आपण सारेच डायालिसिस म्हणतों; मराठींत त्याला अपोहन असा शब्द आहे. एके दिवशीं त्या खाटेवर पडल्यापडल्या काकांनीं मला विचारलें, "अरे, हें यंत्र माझें रक्त गाळतें म्हणतात. मग घाण तेवढी बाहेर जाते आणि रक्त तेवढें आंत राहतें, हें त्याला समजतें तरी कसें?"

मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. घरीं येऊन पुस्तकें उघडलीं तेव्हां ध्यानांत आलें कीं, काकांच्या प्रश्नाचें उत्तर त्या विसरलेल्या एका पानांतच आहे. आणि डायालिसिस हा शब्द कोण्या वैद्यानें दिलेला नसून १८६१ सालीं लंडनमधील एका रसायनशास्त्रज्ञानें दिलेला आहे. तें एक पान लिहिलें जाण्यास शंभर वर्षें कां लागलीं, आणि त्या शंभर वर्षांत माणसाच्या पदरांत काय पडलें, तें आज सांगावें असा माझा हेतु आहे.

प्रथम दुधाचा एक पेला डोळ्यांपुढें आणूं. दूध आपल्याला एकजीव दिसतें. पण त्या एका पेल्यांत तीन निरनिराळे संसार नांदत असतात. दुधाची जी मंद गोडी, ती दुग्धशर्करेची. ही शर्करा पाण्यांत खरोखर विरघळलेली असते; तिचा एकेक रेणु सुटा होऊन पाण्याच्या रेणूंत मिसळून गेलेला असतो. हें झालें द्रावण. दुधांतील केसीन नांवाचें प्रथिन मात्र अशा रीतीनें विरघळत नाहीं. त्याचे हजारों रेणु एकत्र येऊन त्यांचे सूक्ष्म गोळे बनतात. एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यांतील एका-दोन भागांएवढा एकेक गोळा भरेल. हे गोळे इतके लहान कीं ते तळाशीं बसत नाहींत आणि गाळण-कागदानें अडतहि नाहींत. परंतु इतके मोठे कीं प्रकाशाचा किरण त्यांच्यावर पडला असतां तो चहूंकडे विखुरला जातो. हें झालें कलिल. तिसरा घटक स्निग्धांशाचा. स्निग्धाचे थेंब या गोळ्यांहून कित्येक पटींनीं मोठे असतात. दूध स्वस्थ ठेवलें कीं ते सावकाश वर चढतात. सायीचा मोठा वांटा त्यांचाच. हे थेंब हलके म्हणून वर येतात, आणि पावसाळ्यांतल्या गढूळ पाण्यांतील मातीचे कण जड म्हणून खालीं बसतात. दिशा निराळ्या, पण न्याय एकच. जें मिश्रण स्वस्थ ठेवलें असतां आपोआप वेगळें होतें आणि ज्याचे कण घनरूप असतात, त्याला निलंबन म्हणतात.

दुधांत लिंबू पिळलें कीं केसीनचे गोळे एकमेकांस चिकटतात, स्निग्धाचे थेंब त्या जाळ्यांत सांपडतात, आणि दूध नासतें. पण दुग्धशर्करा मात्र खालच्या हिरवट पाण्यांत तशीच राहते. म्हणजे स्वयंपाकघरांत आपण रोज नकळत या तीन संसारांची वांटणी करीत असतों.

ही वांटणी मुख्यतः आकारमानाची आहे. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. कण एका नॅनोमीटरहून लहान असला कीं द्रावण. एका नॅनोमीटरपासून सुमारें हजार नॅनोमीटरपर्यंत कलिल. त्याहून मोठा असला कीं निलंबन. निसर्गानें या ठिकाणीं भिंती उभारलेल्या नाहींत. पहांट संपून सकाळ नेमकी कधीं झाली हें जसें सांगतां येत नाहीं, तसेंच हेंहि. तरी पहांट आणि दुपार या भिन्न वस्तु आहेत, हेंहि तितकेंच खरें.

आतां इतिहासाकडे वळूं. या मधल्या जगाचीं कामें माणूस फार प्राचीन काळापासून करीत आला आहे. त्याला नांव तेवढें ठाऊक नव्हतें. आपल्याकडे गढूळ पाण्याच्या मडक्याला आंतून निवळीचें बीं घासण्याची चाल होती. संस्कृत ग्रंथांतहि कतक या नांवानें त्या झाडाचा उल्लेख सांपडतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें चवथ्या शतकांतील एक रोमन कांचपात्र आहे. उजेड त्याच्यावर पडला तर तें हिरवें दिसतें, आणि उजेड त्याच्या आरपार आला तर तेंच माणकासारखें लाल दिसतें. त्या कांचेंत सोन्याचांदीचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले आहेत. पण तें पात्र घडविणाऱ्या कारागिराला आपण काय केलें हें ठाऊक असण्याचा संभव नव्हता.

एकोणिसाव्या शतकांत मात्र कांहीं जणांना या गोष्टींचें कोडें पडूं लागलें. १८४५ च्या सुमारास फ्रान्सेस्को सेल्मी या इटालियन रसायनशास्त्रज्ञाला असें आढळलें कीं, गंधक, सिल्व्हर क्लोराइड यांसारखे मुळांत न विरघळणारे पदार्थ पाण्यांत असे मिसळतां येतात कीं ते विरघळल्यासारखे भासावेत. पण चिमूटभर मीठ टाकलें कीं ते साक्यासारखे बाहेर पडतात. अशा मिश्रणांना त्यानें आभासी द्रावणें असें म्हटलें. पुढें बारा वर्षांनीं, १८५७ सालीं, मायकेल फॅरडेनें रॉयल सोसायटीपुढें सोन्यावरील आपले प्रयोग मांडले. सोन्याच्या क्षाराच्या पाण्यावर फॉस्फरसची क्रिया घडवून त्यानें सुंदर माणिकवर्णी द्रव तयार केला. डोळ्यांना तो स्वच्छ सरबतासारखा दिसे. परंतु भिंगानें एकवटलेला प्रकाशाचा झोत त्यांतून सोडतांच त्या झोताची वाट उजळून निघे. आपल्या माजघरांत कौलाच्या फटींतून कवडसा पडला म्हणजे एरवीं न दिसणारी धूळ जशी उजळते, तसाच हा प्रकार. यावरून फॅरडेनें ओळखलें कीं सोनें विरघळलेलें नाहीं. तें धातुरूपानेंच, पण अत्यंत बारीक होऊन तरंगत आहे. मीठ घातलें कीं तो लाल द्रव निळा पडे, हेंहि त्यानें नोंदवून ठेवलें. त्याच्या हातचे ते द्रव आजहि लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जपून ठेवलेले आहेत. पुढें जॉन टिंडलनें १८६९ च्या सुमारास या उजळणाऱ्या वाटेचा कसून अभ्यास केला, म्हणून हा परिणाम त्याच्या नांवानें ओळखला जातो.

या मधल्या जगाला नांव देऊन शास्त्राची प्रतिष्ठा देणारा पुरुष मात्र थॉमस ग्रॅहॅम. याचा जन्म १८०५ सालीं स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं झाला. बाप कारखानदार, मुलानें धर्मोपदेशक व्हावें अशी त्याची इच्छा. मुलाचें मन रसायनशास्त्रांत. या कारणावरून बापलेकांचें बिनसलें, आणि ग्रॅहॅमला आपली वाट आपणच काढावी लागली. पुढें तो ग्लासगो येथें व नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत प्राध्यापक झाला. १८४१ सालीं स्थापन झालेल्या लंडनच्या केमिकल सोसायटीचा तो पहिला अध्यक्ष. आणि १८५५ पासून १८६९ सालीं मृत्यु येईपर्यंत तो इंग्लंडच्या सरकारी टांकसाळीचा प्रमुख होता. जन्मभर त्याला एकाच गोष्टीचा ध्यास होता. एक पदार्थ दुसऱ्यांत पसरतो तो किती वेगानें? वायूंच्या बाबतींत त्यानें काढलेला नियम आजहि महाविद्यालयांत शिकवितात. उतारवयांत तो द्रवांकडे वळला.

त्याचें मोजमाप साधें होतें. निरनिराळे पदार्थ पाण्यांत सारख्याच प्रमाणांत पसरावयाचे असल्यास प्रत्येकाला किती वेळ लागतो, तें त्यानें पाहिलें. हायड्रोक्लोरिक आम्लाला लागणारा वेळ १ धरला तर मिठाला २.३३ लागला, साखरेला ७, अंड्याच्या पांढऱ्या भागांतील अल्ब्युमिनला ४९ आणि जाळलेल्या साखरेच्या काळ्या द्रव्याला ९८. म्हणजे मिठाला जें काम करावयास एक दिवस लागावा, तेंच करावयास अल्ब्युमिनला तीन आठवडे हवेत. ग्रॅहॅमनें पाहिलें कीं जे पदार्थ भराभर पसरतात, त्यांचे बहुधा स्फटिक बनतात. आणि जे रेंगाळतात, ते सरसासारखे, खळीसारखे चिकट असतात. ग्रीक भाषेंत सरसाला 'कोल्ला' म्हणतात. त्यावरून या दुसऱ्या वर्गाला त्यानें कोलॉइड असें नांव दिलें. आपल्या परिभाषाकारांनीं त्यासाठीं कलिल हा शब्द योजिला. उच्चारांत तो जवळचा आहे, आणि संस्कृतांत तो पूर्वीपासूनच आहे. मोहाचें दाट, गढूळ रान या अर्थानें गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत तो येतो. परिभाषेंत असे योग क्वचितच जुळून येतात.

मग ग्रॅहॅमनें गंधकाम्लाच्या संस्कारानें चिवट केलेला पार्चमेंट कागद घेतला, तो गटापर्चाच्या एका कड्यावर डफाच्या चामड्यासारखा ताणून बसविला, आणि तें कडें पाण्यावर तरंगत ठेवलें. कड्यांत मीठ व सरस यांचें मिश्रण ओतलें. मीठ कागदांतून पलीकडच्या पाण्यांत निघून गेलें. सरस कड्यांतच राहिला. या क्रियेला त्यानें डायालिसिस असें नांव दिलें. आणि आतां, श्रोतेहो, ज्या प्रयोगानें मला पुस्तक खालीं ठेवून क्षणभर स्वस्थ बसावयास लाविलें, तो ऐका. ग्रॅहॅमनें त्या कड्यांत अर्धा लिटर मूत्र ओतलें आणि चोवीस तास तसेंच ठेविलें. बाहेरचें पाणी मग त्यानें आटविलें, राहिलेल्या क्षारांतून अल्कोहोलच्या साहाय्यानें यूरिया वेगळा काढला, आणि तो शुद्ध स्फटिकांच्या रूपानें त्याच्या हातीं आला. यूरिया म्हणजे मूत्रपिंडें निकामी झालेल्या माणसाच्या रक्तांत जो सांचत जातो, तोच पदार्थ. टांकसाळीच्या त्या प्रमुखापुढें त्या दिवशीं कोणीहि रोगी नव्हता. त्याला फक्त पडद्यांतून काय जातें आणि काय जात नाहीं, एवढेंच पाहावयाचें होतें.

येथें ग्रॅहॅमची एक चूक सांगणें अवश्य आहे, कारण ती चूक शिकण्यासारखी आहे. स्फटिकी पदार्थ आणि कलिल पदार्थ हीं सृष्टीचीं दोन स्वतंत्र राज्यें होत, असें त्याचें मत झालें. कलिलांत कांहीं विशेष शक्ति वसते आणि जीवनव्यापारांचें मूळ कदाचित् तिच्यांत असावें, असेंहि त्याला वाटे. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं रशियांतील फॉन वायमार्न यानें दाखवून दिलें कीं, ज्यांचे एरवीं उत्तम स्फटिक बनतात अशा क्षारांनाहि योग्य युक्तीनें कलिलरूप देतां येतें. उलट कांहीं प्रथिनांचे स्फटिक बनतात हें पूर्वींच दिसून आलें होतें. म्हणजे कलिल ही पदार्थाची जात नव्हे, अवस्था आहे. एकच सोनें अंगठींत पिवळें असतें आणि फॅरडेच्या बाटलींत लाल असतें. फरक सोन्यांत नाहीं, कणाच्या आकारमानांत आहे. ग्रॅहॅमनें दिलेलीं नांवें टिकलीं, त्याचा पडदा टिकला. त्याची भिंत मात्र पडली.

दुसरा प्रश्न असा कीं, सोन्याचा कण पाण्याहून कितीतरी जड. मग तो बुडत कां नाहीं? याचें अर्धें उत्तर विजेंत आहे. कलिलाचे कण विद्युद्भारित असतात. एका द्रवांतील सर्व कणांवर एकाच जातीचा भार असल्यामुळें ते एकमेकांना दूर लोटतात आणि त्यांचे पुंजके बनत नाहींत. मीठ घातलें कीं या भाराचा प्रभाव क्षीण होतो, कण एकमेकांस चिकटून मोठे होतात आणि तळाशीं जातात. १८८२ सालीं हान्स शुल्झे आणि १९०० सालीं विल्यम हार्डी यांनीं दाखविलें कीं, हें काम करणाऱ्या आयनावरील भार जसजसा वाढतो तसतशी त्याची शक्ति अनेक पटींनीं वाढते. पावसाळ्यांत आपल्या आजीनें गढूळ पाण्यांत तुरटीचा खडा फिरविला तो याच नियमाच्या आधारें. तुरटींतील ॲल्युमिनियमच्या आयनावर तिहेरी भार असतो. शिवाय त्याचा जो चिकट लगदा पाण्यांत तयार होतो तो मातीचे कण आपल्याबरोबर खालीं ओढतो. नदी समुद्राला मिळते तेथें गाळ सांचतो, त्यांतहि खाऱ्या पाण्याचा असाच हात असतो.

उरलेलें अर्धें उत्तर अधिक खोल आहे. १८२७ सालीं रॉबर्ट ब्राऊन हा वनस्पतिशास्त्रज्ञ परागकणांतून निघालेले सूक्ष्म कण पाण्यांत सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत होता. ते कण अखंड थरथरत, इकडून तिकडे जात होते. ते सजीव असतील म्हणावें, तर त्यानें कांचेची पूड, दगडांची पूड, इतकेंच काय, इजिप्तमधील स्फिंक्सच्या मूर्तीच्या कपच्याची पूडहि घालून पाहिली. तीहि तशीच नाचूं लागली. जवळजवळ पाऊणशे वर्षें या नाचाचा नीट उलगडा कोणाला झाला नाहीं.

१९०३ सालीं जर्मनींतील येना येथील सीडेंटॉफ आणि ऑस्ट्रियांत जन्मलेला रिचर्ड झिग्मोंडी यांनीं अतिसूक्ष्मदर्शक नांवाचें उपकरण प्रसिद्ध केलें. त्यांतील कल्पना आपल्या कवडशाचीच: प्रकाश बाजूनें सोडावयाचा आणि काळोख्या पार्श्वभूमीवर वरून पाहावयाचें. कणाचा आकार दिसत नाहीं, पण त्यानें विखुरलेला उजेड ताऱ्यासारखा लुकलुकतो. झिग्मोंडीनें सोन्याचा लाल द्रव त्याखालीं धरला, तों तापलेल्या कढईंत लाह्या उडाव्यात तसे ते कण उडतांना दिसले. एवढ्या उसळींत बुडणार कोण?

ही उसळी कोठून येते, हें १९०५ सालीं बर्न येथील पेटंट कचेरींत नोकरी करणाऱ्या आल्बर्ट आइन्स्टाइननें गणितानें सांगितलें. पुढच्या वर्षीं पोलंडच्या स्मोलुकोव्स्कीनेंहि स्वतंत्रपणें तेंच दाखविलें. पाण्याचे रेणु सर्व बाजूंनीं कणावर आदळत असतात. मोठ्या वस्तूला हे धक्के सर्व बाजूंनीं सारखे बसून फिटंफाट होते. लहान कणाला मात्र कधीं इकडून अधिक, कधीं तिकडून अधिक. त्या काळीं अणु-रेणु प्रत्यक्ष आहेत कीं ती केवळ हिशेबाची सोय आहे, हा मोठा वाद होता. विल्हेल्म ओस्टवाल्डसारखा मातब्बर रसायनशास्त्रज्ञ अणूंचें अस्तित्व मानावयास तयार नव्हता.

या वादाचा निकाल पॅरिसमधील ज्याँ पेराँ यानें एका पिवळ्या रंगानें लाविला. गँबोज नांवाचा, चित्रकारांच्या उपयोगाचा, झाडाचा राळेसारखा चीक असतो. १९०८ च्या सुमारास पेराँनें तो पाण्यांत घोटून त्याचे सारख्या आकाराचे कण निवडण्याचा उद्योग केला. एक किलोग्रॅम मालापासून कित्येक महिन्यांच्या खटपटीनंतर त्याला हवे तसे कण मिळाले ते ग्रॅमच्या कांहीं दशांशांएवढेच. हे कण पाण्यांत सोडून निरनिराळ्या उंचीवर ते किती आहेत हें त्यानें मोजलें. तळाजवळ १०० असले, तर मिलिमीटरच्या ३० सहस्रांशांएवढें वर ४७, आणखी तितकेंच वर सुमारें २३, आणि पुन्हां तितकेंच वर १२. प्रत्येक पायरीला संख्या निम्म्यावर येते. आपण डोंगर चढूं लागलों म्हणजे हवा अगदीं याच रीतीनें विरळ होत जाते. भेद इतकाच कीं, हवा निम्मी होण्यास साडेपांच-सहा किलोमीटर चढावें लागतें. कलिलाचा कण म्हणजे डोळ्यांना दिसूं शकणारा जणूं एक भला मोठा रेणूच आहे, हें यावरून सिद्ध झालें. दोन्ही उंचींच्या प्रमाणावरून रेणूचें वजन काढतां आलें, आणि १८ ग्रॅम पाण्यांत, म्हणजे सुमारें चार लहान चमच्यांत, रेणु किती, याचा अंक पेराँनें सांगितला. तो आजच्या अचूक अंकाच्या जवळपासच होता. आजचा अंक म्हणजे ६ या अंकापुढें २३ शून्यें मांडून जो होतो त्याहून किंचित् अधिक. ओस्टवाल्डनें १९०८-०९ च्या सुमारास आपला आग्रह सोडला आणि अणूंचें अस्तित्व मोकळेपणीं मान्य केलें. त्याचाच मुलगा वोल्फगांग ओस्टवाल्ड पुढें कलिलशास्त्राचा मोठा प्रचारक झाला. या मधल्या जगाला त्यानें 'उपेक्षित परिमाणांचें जग' असें म्हटलें.

१९२६ हें वर्ष या उपेक्षित जगाच्या सन्मानाचें ठरलें. त्या वर्षीं पेराँला पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. राखून ठेवलेलें १९२५ चें रसायनशास्त्राचें पारितोषिक झिग्मोंडीला, आणि १९२६ चें स्वीडनच्या टेओडोर स्वेडबर्गला देण्यांत आलें. स्वेडबर्गनें अतिशय वेगानें फिरणारें यंत्र बनवून, एरवीं न बुडणाऱ्या कलिलकणांनाहि तळाशीं जावयास भाग पाडलें. त्याच वर्षीं त्यानें आणि रॉबिन फोरेअस यानें मिळून या यंत्राच्या साहाय्यानें रक्तांतील हिमोग्लोबिनाचें वजन ठरविण्याची रीत प्रसिद्ध केली. हिमोग्लोबिनाचा एकटा रेणु हायड्रोजनच्या अणूच्या सुमारें पासष्ट हजार पट जड असतो. तो कणांचा पुंजका नव्हे, एकच रेणु आहे. आणि तरीहि आकारमानामुळें कलिलांत मोडतो. ग्रॅहॅमच्या अल्ब्युमिनला तीन आठवडे कां लागत होते, याचें उत्तर येथें मिळालें. हाच फोरेअस रक्ताच्या नळींत तांबड्या पेशी किती वेगानें खालीं बसतात याचाहि अभ्यास करीत होता. डॉक्टर आज आपल्याला ई. एस. आर. नांवाची जी तपासणी करावयास सांगतात, तिच्या मुळाशीं तोच अभ्यास आहे.

आतां काकांच्या प्रश्नाकडे परत येतां येईल. दुधाप्रमाणें रक्तांतहि तीन संसार आहेत. मीठ, साखर, यूरिया हें द्रावण. अल्ब्युमिनसारखीं प्रथिनें हें कलिल. आणि तांबड्या-पांढऱ्या पेशी हें निलंबन. यूरियाचा रेणु अल्ब्युमिनच्या रेणूच्या सुमारें हजाराव्या हिश्शाइतक्या वजनाचा. तेव्हां ज्या पडद्याचीं छिद्रें या दोहोंच्या मधल्या मापाचीं, त्यांतून यूरिया निसटणार आणि अल्ब्युमिन व पेशी आंत राहणार. यंत्राला रक्त कोणतें आणि विष कोणतें हें मुळींच समजत नाहीं. त्याला फक्त लहान आणि मोठें एवढेंच कळतें. मीठ आणि साखरहि लहानच. तीं रक्तांतून वाहून जाऊं नयेत म्हणून पलीकडच्या पाण्यांत तीं आधींच हिशेबानें घातलेलीं असतात.

हें सुचण्यास ग्रॅहॅमनंतर अर्धें शतक लागलें. १९१३ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें एबेल आणि त्याचे दोन सहकारी यांनीं कोलोडियनच्या नळ्यांतून जिवंत कुत्र्याचें रक्त फिरवून दाखविलें. रक्त गोठूं नये म्हणून त्यांना जळवांपासून काढलेलें द्रव्य वापरावें लागे. १९२४ सालीं जर्मनींत गीसेन येथें गेओर्ग हास यानें माणसावर पहिला प्रयोग केला. आणि १९४३ सालीं, जर्मन फौजांनीं व्यापलेल्या हॉलंडमध्यें, कांपेन या लहानशा गांवीं विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरनें आडव्या पिंपाभोंवतीं सेलोफेनची नळी गुंडाळून पहिलें उपयोगी यंत्र उभें केलें. ही नळी मांसाच्या सॉसेजच्या वेष्टणासाठीं बनविलेली होती. गांवांतील एनॅमलच्या कारखान्यानें त्याला मदत केली. पहिल्या पंधरा-सोळा रुग्णांपैकीं जवळजवळ सर्व दगावले. तरी कोल्फ थांबला नाहीं. १९४५ सालीं सदुसष्ट वर्षांची एक स्त्री त्या यंत्रानें शुद्धीवर आली, तिचीं मूत्रपिंडें पुन्हां काम करूं लागलीं, आणि पुढें ती कित्येक वर्षें जगली. १९६० सालीं अमेरिकेंतील सिॲटल येथें स्क्रिब्नर यानें हातावरील रक्तवाहिन्यांना कायमची जोडनळी बसविण्याची युक्ति काढली, तेव्हां हा उपचार वर्षानुवर्षें चालू ठेवणें शक्य झालें. आजच्या यंत्रांत पिंप नाहीं आणि सेलोफेनहि नाहीं. हजारों पोकळ, केसासारख्या तंतूंची जुडी एका हातभर नळकांड्यांत बसविलेली असते. तत्त्व मात्र ग्रॅहॅमच्या कड्याचेंच.

विज्ञानाचा उपयोग काय, असा प्रश्न आपण वारंवार विचारतों, आणि तो विचारण्याचा आपल्याला अधिकारहि आहे. परंतु उत्तर ताबडतोब मिळावें असा आग्रह मात्र धरूं नये. मीठ लवकर पसरतें आणि सरस उशिरां पसरतो, या निरीक्षणाचा १८६१ सालीं काय उपयोग सांगतां आला असता? ग्रॅहॅमची उपपत्ति चुकली, पण त्यानें मोजलेलें खरें होतें. आणि जें खरें मोजलेलें असतें तें वाया जात नाहीं.

पुढच्या खेपेस मी काकांना हें सारें सांगितलें. ते बराच वेळ त्या नळकांड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बापाचें ऐकून तो पाद्री झाला असता, तर माझें कठीणच होतें म्हणायचें." मीं हंसून होकार दिला. नर्सबाईंनीं येऊन घड्याळ पाहिलें. अजून दोन तास बाकी होते.